आईचं पिंप

सासऱ्यांनी पिंपाच्या फळीतला खिळा पकडीत धरला, दोनदा हलवला आणि ओढून काढला. बारीक लाल धार सुटली. सुनेनं पेला पुढे केला खरा, पण असा तिरका धरला की पहिली धार मनगटावरून थेट बाहीत गेली.

"अगं, पेल्यात घे!" खोक्यावर बसलेली नणंद ओरडली. "बाहीला काय चव कळणार?"

सून हसली. हसण्याशिवाय दुसरं काय करणार? तिनं पेला नीट धरला, तो अर्धा झाल्यावर दुसरा, मग तिसरा. सासऱ्यांनी खिळा परत भोकात बसवून हातोडीनं हलकेच ठोकला आणि धार थांबली. तळघरात चेरीचा, ओल्या लाकडाचा आणि थोडासा व्हिनेगरसारखा वास पसरला. नणंदेनं नाक वर करून तो पोटभर ओढून घेतला. सुनेनं मात्र श्वास रोखून धरला होता.

चेरीची ही आंबट बिअर म्हणजे या घराचा जीव की प्राण. त्यांच्या छोट्या ब्रूअरीतली बाकीची बिअर वरच्या मजल्यावर स्टीलच्या टाक्यांत व्हायची, झटपट बाटल्यांत भरली जायची आणि पिणारे ती तितक्याच झटपट विसरायचे. टाकीतल्या बिअरमध्येही चेरी असायचीच, पण ती नावापुरती. खरी बिअर ही खालची. ओकच्या एकाच जुन्या पिंपात ती वर्षभर पडून राहायची, उन्हाळ्यात तिच्यात टोपल्याच्या टोपल्या चेऱ्या रिचवल्या जायच्या, आणि चेऱ्या पुरत्या मुरेपर्यंत खिळ्याला कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. या पिंपाला सगळे 'आईचं पिंप' म्हणायचे. आई म्हणजे सासूबाई. पिंप आणलं त्यांनी, चेऱ्या पहिल्यांदा ओतल्या त्यांनी आणि नियमही घातला त्यांनीच. बिअर काढली तरी पिंप पुरतं रिकामं करायचं नाही. तळाचा दाट गाळ तसाच ठेवायचा आणि त्यावर नवी बिअर ओतायची. दह्याला विरजण, तसा बिअरला हा गाळ. तो होता म्हणून सासूबाईंच्या हातची चव दर वर्षी तीच यायची. त्या जाऊन काही वर्षं झाली तरी यायची. सुनेनं त्यांना पाहिलं होतं ते फक्त फोटोत. तिचं लग्न ठरण्याआधीच त्या गेल्या होत्या.

आणि या सुनेनं तो गाळ उकळत्या पाण्यानं धुऊन मोरीत सोडून दिला होता.

तेव्हा सासरे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. नवरा त्यांच्यापाशी. घरी ही एकटी. लग्नाआधी ती डेअरीत कामाला होती, आणि डेअरीत भांड्याला वाफ दिल्याशिवाय दूध त्याच्या जवळपास फिरकत नाही. तिला वाटलं, बाबा घरी येतील तेव्हा तळघर कसं लख्ख दिसायला हवं, म्हणतील सूनबाईनं नाव काढलं. जळमटं काढली, फरशी घासली, खोकी रचली. मग पिंपाचा दट्ट्या काढून बॅटरीनं आत पाहिलं तर तळाशी करडा, बुळबुळीत राप. शी! किती वर्षांत कुणी हात फिरवला नाही की काय! तिनं पाणी उकळून उकळून ओतलं, सोडा टाकला, वरून वाफेची नळी आत सोडली. पिंपाला नुसत्या लाकडाचा वास येईपर्यंत बाई हटली नाही. त्या दिवशी तिला इतकं छान वाटलं होतं की ती काम करता करता गुणगुणत होती.

संध्याकाळी नवरा दवाखान्यातून जेवायला घरी आला, तेव्हा सहज म्हणाला, "बाबांना भूल द्यायला नेत होते ना, तेव्हासुद्धा विचारत होते. पिंपाचा दट्ट्या घट्ट आहे का, आईचं विरजण सुकायला नको."

विरजण! तिच्या हातातला घास हातातच राहिला. डेअरीत इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे कळू नये? दुसऱ्या कुणी केलं असतं तर एक वेळ समजलं असतं. बिअर म्हणजे काय हे कळण्याइतके दिवस तिला त्या घरात येऊन झाले नव्हते, पण विरजण म्हणजे काय हे तिला झोपेतही ठाऊक होतं. नवऱ्याला सांगायला तिनं तोंड उघडलंसुद्धा. तो वरण वाढून घेत होता, दवाखान्यातल्या नर्सची नक्कल करून हसत होता. तिनं तोंड मिटलं.

सासरे घरी आले ते काठी टेकत आधी तळघरात उतरले. पिंपावर तळवा ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "सगळं ठीक ना, सूनबाई?"

"हो, बाबा."

जे काय झालं ते या एका 'हो'मुळे. नंतर रोज सांगायचं ठरवलं तरी आधी त्या 'हो'चं काय करायचं हा प्रश्न पडायचा.

मग तिनं दुसरा घोळ घातला. तळघराच्या कोनाड्यात सासूबाईंनी स्वतःच्या हातानं भरलेली शेवटची बाटली होती. सगळ्या घराची ती ठेव. सुनेनं विचार केला, विरजण पिंपातून गेलं असलं तरी बाटलीच्या तळाला थोडं असेलच की. ओंजळभर दह्यावर कढईभर दूध लागतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? पिंपात नवी बिअर भरली त्याच दिवशी, सासरे वर आडवे झालेले पाहून तिनं ती बाटली उघडली, तळाच्या गाळासकट सगळी पिंपात ओतली, बाटलीत टाकीतली चेरीची साधी बिअर भरली आणि नवं बूच ठोकलं. कोनाड्यातली धूळ बोटानं गोळा करून तिनं बाटलीला पुन्हा सारवली. एवढं सगळं करताना तिला रडू आलं नाही. ते आलं नंतर, धुळीचे हात धुताना.

आज खिळा काढायचा दिवस म्हणून नणंद मुद्दाम आली होती. विरजण लागलं असेल तर ठीक, नाहीतर घोट घेताच बापलेकींना कळणार. एवढंही तिच्या जिवाला पुरेसं होतं. पण खाली उतरताना नणंदेनं कोनाड्यातून ती बाटली उचलली आणि टेबलावर मधोमध आणून ठेवली.

"ही पण आज उघडायची," ती म्हणाली. "एका बाजूला पिंपातली, एका बाजूला आईच्या हातची. अजून किती वर्षं नुसती बघायची?"

सुनेनं बाटलीकडे पाठ केली आणि पेले पुसायला घेतले.

सासऱ्यांनी पेला उजेडाकडे धरला. डाळिंबी रंग, कडेला नारिंगी छटा. नाकाशी नेला, तिथेच कितीतरी वेळ ठेवला. मग घोट घेतला आणि डोळे मिटले. त्यांचा जबडा हळूहळू हलत होता. गळ्याचा उंचवटा एकदा वर गेला, खाली आला. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"बाबा, बोला की!" नणंद म्हणाली. तिला कसला धीर निघतोय. तिनं स्वतःच पेला तोंडाला लावला आणि मोठा घोट घेतला. आंबटपणानं तिचे डोळे बारीक झाले, खांदे वर गेले, आणि मग ते खांदे तसेच खाली आले.

"आई गं," ती अगदी लहान आवाजात म्हणाली. आणि ही पन्नाशीची, साऱ्या गावाला धाकात ठेवणारी बाई खोक्यावर बसून ओक्साबोक्शी रडायला लागली.

सासऱ्यांनी डोळे उघडले. "तीच आहे," ते म्हणाले.

सुनेचा पेला टेबलावर तसाच होता. आपल्याला आता सुटल्यासारखं वाटायला हवं, असं तिला वाटलं. विरजण लागलं होतं, चव परत आली होती, चुकलेलं निस्तरलं होतं. मग हे बरं का वाटत नाहीये? ती दोघं ज्या पेल्याकडे पाहून भरून आली होती त्याच्याकडे तिला पाहवेना. चोराला देव्हाऱ्यात बसवावं तसं तिला झालं.

नणंदेनं नाक पुसलं आणि बाटली ओढली. "आता ही. बूच काढायचा स्क्रू कुठाय?"

"राहू दे गं," सासरे पटकन म्हणाले.

"हो ना ताई, राहू दे," सून त्याहून पटकन म्हणाली.

नणंदेनं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. "तुम्हा दोघांना झालंय तरी काय? आई माझी होती, मला प्यायची आहे. स्क्रू वर असेल, आणते मी." आणि जिना वाजवत ती वर गेलीसुद्धा.

वर ड्रॉवर उघडल्या-मिटल्याचे आवाज यायला लागले. सुनेनं मनाशी म्हटलं, आता. ताई येण्याआधी. बाटली उघडल्यावर कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं. तिनं पदर घट्ट धरला.

"बाबा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"थांब. आधी माझं ऐक," सासरे म्हणाले. "ती वर आहे तोवर." ते काठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत होते. कान लाल झाले होते. "त्या बाटलीत काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तिची नाही ती. टाकीतली आहे. ती गेली ना, तेव्हा घर माणसांनी भरलेलं. मी भर दुपारी इथं येऊन बसलो, बाटली उघडली आणि एकट्यानं संपवली. पोरांसाठी घोटभरसुद्धा ठेवली नाही. शेवटी तळाचा गाळ राहतो ना, तोही बोटानं चाटला, काय सांगू तुला. मग भानावर आलो आणि घाबरलो. बाटली धुतली, टाकीतली बिअर भरली, बूच ठोकलं. वरून धूळ लावली. इतकी वर्षं पोरं त्या कोनाड्यापुढून जातात तेव्हा मान वर करायची मला चोरी."

सुनेनं बाटलीकडे पाहिलं. ज्या बाटलीला तिनं धूळ सारवली होती, तिला यांनी आधीच सारवून ठेवली होती. तिला एकदम हसू फुटणार असं वाटलं, आणि ते ओठांपर्यंत येता येता तिच्या लक्षात आलं की मग पिंपात आपण ओतलं ते काय? टाकीतली साधी बिअर. तिच्यात सासूबाईंचा कणसुद्धा नव्हता. म्हणजे आत्ता या दोघांनी प्यायली ती कोण?

लाकूड? उकळतं पाणी लाकडात किती खोल उतरलं असेल? इतक्या वर्षांचं मुरलेलं काहीतरी आत कुठेतरी, फळ्यांच्या सांध्यात, जिवानिशी उरलं असेल का? डेअरीत सगळी भांडी स्टीलची. लाकडाचा अंदाज तिला कधी करावाच लागला नव्हता. की काहीच उरलं नव्हतं, आणि बापलेकींच्या जिभेला जे हवं होतं ते तिनं शोधून काढलं? हे तिला आता कोण सांगणार होतं?

"पण एक सांगू?" सासरे म्हणाले. आता त्यांनी मान वर केली होती आणि चेहरा मोकळा झाला होता. "त्या बाटलीचं मी मनाला फार लावून घेतलं नाही. म्हटलं, बाटली गेली तर गेली, ती पिंपात आहे. विरजण आहे तोवर ती कुठे जात नाही. तेवढ्या एका गोष्टीवर मी दिवस काढले बघ. आज खिळ्याला पकड लावायला धीर होत नव्हता माझा. म्हटलं, यंदा नसली तर? आणि घोट घेतला तर आलीच की बाई." ते हसले. "हं, तू काय सांगत होतीस?"

वर ड्रॉवर धाडकन बंद झाला.

"काही नाही," सून म्हणाली. "तेच. बाटली राहू दे म्हणत होते."

"आता कसली राहते!"

नणंद स्क्रू घेऊन आलीच. बूच निघालं. तिनं बाटलीतली बिअर स्वच्छ पेल्यात ओतली, वास घेतला, भुवया आकसल्या. घोट घेतला. परत घेतला. मग पिंपातल्या बिअरच्या पेल्यातला एक घोट घेऊन पुन्हा बाटलीकडे वळली.

"ही मेलेली आहे," ती म्हणाली. "नुसतं साखरपाणी. बाबा, ही आईची नाहीच. हे कसं झालं?"

सासऱ्यांची काठी फरशीवर उगाच टकटक करायला लागली. एवढा मोठा माणूस, पण शाळेत गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा उभा होता.

"माझ्यामुळे झालं, ताई," सून म्हणाली.

शब्द बाहेर पडले तेव्हा तिलाच कळलं नाही की ती कशाबद्दल बोलतेय.

"तुझ्यामुळे?"

"मागच्या वर्षी तळघर आवरलं ना, तेव्हा. बाटली बाहेर काढून ठेवली होती मी. उन्हात. दिवसभर तिथंच राहिली."

नणंदेचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. आणि मग जे सुरू झालं ते काही विचारू नका. "डेअरी! तुला सांगितलं कुणी होतं आवरायला? उठसूट धुवायचं, पुसायचं, उकळायचं! बाहेरून आलीस, चार दिवस बघावं, विचारावं! एकच बाटली होती गं आमच्या आईची, एकच! तुला काय त्याचं? तू तिला बघितलं तरी होतंस का?"

सून मान खाली घालून ऐकत राहिली. शब्दन् शब्द खरा होता. वर्षभर याच बोलण्याची ती वाट बघत होती, आणि ते येत होतं तसतशी तिची छाती मोकळी होत होती. अजून बोला ताई, असं तिला म्हणावंसं वाटलं. पण नणंद दमली. रडू, राग, आंबट बिअर, सगळं एकदम झालं होतं. ती उठून तळघराच्या खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली.

सासरे सुनेच्या जवळ आले. त्यांचे डोळे भरले होते.

"माझं पाप अंगावर घेतलंस पोरी," ते हळूच म्हणाले. "माझ्यासाठी एवढं ऐकून घेतलंस."

"नाही हो बाबा. तसं काही नाही."

"मला कळतं ते." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जड, उबदार, चेरीचे डाग पडलेला हात. तो त्यांनी लवकर काढलाही नाही. नणंदेच्या बोलण्यानं जे थोडं हलकं झालं होतं ते सगळं त्या हाताखाली परत येऊन बसलं.

मग त्यांनी टेबलावरचा तिचा पेला उचलून तिच्या हातात दिला. "तू अजून घेतलीच नाहीस. घे. भेट तरी तुझ्या सासूला."

तिनं पेला तोंडाला लावला. आधी कानशिलं आवळली. मग चेरी आली, गरासकट, बीसकट, बदामासारखी कडवट. त्यामागून लाकूड, कोरडं, जिभेला ओढून धरणारं. हे सगळं एकमेकांत भांडत होतं आणि तरी एकत्र होतं. कुणाचं का असेना, जे होतं ते जिवंत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"येतं पहिल्यांदा," सासरे कौतुकानं म्हणाले. "आंबट आहे ना."

त्यांनी टेबलावरची पकड आणि हातोडी उचलून तिच्यापुढे धरली.

"आता माझे गुडघे काही जिना उतरायचे नाहीत. यापुढे हे पिंप तू सांभाळ. बाकी सगळं तुला येतं, एकच लक्षात ठेव. तळाला हात लावायचा नाही. कुणी काहीही म्हणो, हे पिंप कधी धुवायचं नाही."

खिडकीपाशी नणंदेनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

सुनेनं पकड हातात घेतली.

"नाही धुणार, बाबा," ती म्हणाली.